जुनी मोटार आणि रोख पुंजी

हुबळीच्या दाजीबानपेठेत, तुळजाभवानीच्या देवळाच्या आसऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घराण्यांचा इतिहास सांगताना आपण दुकान, वतन, रेल्वेची नोकरी यांचा उल्लेख करतो. दारात पहिली मोटार कशी आली, हे मात्र सहसा कोणी नोंदवीत नाही. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत ती जुनीच आली, आणि रोख पैशाने आली. त्यामागे केवळ काटकसर नव्हती. काळाची काही कारणे होती.

स्वातंत्र्यानंतर परदेशी तयार मोटारींची आयात आखडली. मोटारीचे भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी असेल त्यांनीच हा धंदा करावा, असे धोरण 1953 मध्ये ठरले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी येथील जुळणीचे कारखाने गुंडाळले. मग कुटुंबाच्या मोटारीसाठी प्रामुख्याने तीनच नावे उरली : उत्तरपाड्याची अँबॅसिडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. फियाट बनविणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद हे मूळ सोलापूरचे. आपल्यापैकी अनेकांचे सोयरसंबंध ज्या शहराशी जुळलेले, त्याच मातीतले.

मागणी मोठी, उत्पादन थोडे. नव्या गाडीची विक्री आणि वाटप यांवर सरकारने 1959 मध्ये नियंत्रण आणले. वाजवी किंमत कोणती, हा वाद 1971 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नव्या गाडीची किंमत बांधलेली, पण गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे. जुनी गाडी तत्काळ मिळे, पण तिचा भाव मोकळा. म्हणून थोडकीच चाललेली फियाट नवीपेक्षा महाग विकली जाई. ज्याच्याजवळ मोजून द्यायला पैसे तयार, त्याचीच सरशी होई.

हे पैसे कसे जमत? भिशीचा हप्ता, सणासुदीच्या धंद्यातून बाजूला काढलेली रक्कम, घरातल्या बायकांनी डब्यात टाकलेल्या नोटा, क्वचित मोडलेला दागिना. घरगुती गाडीसाठी बँकेचे कर्ज ही तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती, आणि ऋण काढून वाहन घेणे वडीलधाऱ्यांना मानवतही नसे. गाडी पाहायला ओळखीचा मिस्त्री बरोबर जाई. सायलेन्सरमधून निळसर धूर आला, की इंजिन तेल जाळते आहे हे तो ओळखी; पायाखालचा पत्रा गंजला आहे का, हे गालिचा उचलून पाही. गाडी पसंत पडली की पहिली फेरी देवदर्शनाची, मग पाहुण्यांच्या गावची.

14 डिसेंबर 1983 रोजी मारुती 800 ची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. नोंदणीसाठी दहा हजार रुपये आधी भरावे लागत होते. काही वर्षांत याच गाड्या जुन्या बाजारात आल्या आणि मध्यम संसाराला परवडू लागल्या. 2001 पासून खुद्द मारुतीनेच जुन्या गाड्यांची विक्री आरंभिली. मिस्त्रीच्या शब्दाशेजारी कंपनीचे प्रमाणपत्र येऊन बसले.

आमच्या सीमाभागाची अडचण मात्र निराळी. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी धारवाड आणि सोलापूर दोन्ही मुंबई राज्यात होते. नंतर मधून राज्याची सीमा गेली. मामाने सोलापुरात वापरलेली गाडी भाच्याने हुबळीत आणायची, तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा. 1 जुलै 1989 पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नवी नोंदणीही हवी. म्हणजे एम.एच. 13 ची पाटी जाऊन के.ए. ची यायची, आणि कर्नाटकाचा कर भरायचा. घरचाच व्यवहार म्हणून पुष्कळांनी हे टाळले : पैसे मोजले, किल्ली घेतली, विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म 29 आणि 30 कपाटात पडून राहिले.

या टाळाटाळीची किंमत मोठी आहे. नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईचे दायित्वही त्याचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नि:संदिग्धपणे सांगितले. गाडी देऊन मोकळा झालेला मामा कायद्याच्या लेखी मोकळा होतच नाही. नात्यात वितुष्ट यायला एवढे पुरे होते.

रोखीचे दिवसही पालटले. नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा डब्यातली पुंजी बँकेच्या रांगेत उभी राहिली. 1 एप्रिल 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रोख घेण्यास मनाई झाली. त्याआधीच, 2014 मध्ये, अँबॅसिडरचे उत्पादन थांबले होते.

ऐपतीत राहून, व्याजाचा भार न घेता गाडी घ्यावी, ही वडिलांची रीत आम्हांस आजही शहाणपणाची वाटते. शब्दावरचा विश्वासही त्यांनी कमावलेला होता. पण दोन राज्यांत विभागलेल्या घराण्यांनी तो विश्वास कागदावर उतरविला, तरच पुढच्या पिढीला गाडीबरोबर नातेही धडपणे मिळेल.