गामा विरुद्ध आंदळकर : न झालेली कुस्ती

भिन्न काळातील दोन वजनदार मल्लांची झुंज केवळ कल्पनेतच लागू शकते. मुष्टियुद्धात तसा प्रयत्नही झाला. रॉकी मार्सियानो व महंमद अली यांची संगणकाने ठरविलेली लढत १९७० मध्ये चित्रपटगृहांत दाखविण्यात आली. तीत मार्सियानो तेराव्या फेरीत विजयी ठरला; युरोपात मात्र अलीच्या विजयाचा शेवट दाखविला गेला!

कुस्तीत असा विचार करावयाचा, तर गामा आणि गणपतराव आंदळकर ही नावे पुढे येतात. गामांचे निधन १९६० मध्ये झाले, त्याच वर्षी आंदळकर हिंदकेसरी झाले. गामांना १९१० मध्ये लंडन येथे झिबिस्कोने सुमारे अडीच तास अडविले. १९२८ मध्ये पतियाळा येथे त्यांनी त्यालाच मिनिटाच्या आत चीत केले. आंदळकरांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्णपदक व फ्रीस्टाइलमध्ये रौप्यपदक पटकाविले.

ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखालची पकड निषिद्ध असते. तेव्हा मॅटवर, या नियमांनी कुस्ती झाली असती, तर पारडे आंदळकरांचे जड ठरले असते. तांबड्या मातीत, वेळेचे बंधन नसताना मात्र गामांनाच झुकते माप द्यावे लागेल.