डॉनचं घर आणि हप्ता देणाऱ्याचं घर

मंडळी, आजचा विषय आहे इटालियन माफियावरची पुस्तकं, सिनेमे आणि मालिका. खाप्यात बसून पालेर्मोचं काय करायचं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्यात वावगं काही नाही. पण 'माफिया' हा शब्द आता या गावाला परका राहिलेला नाही. कन्हानच्या वाळूची बातमी आली की मथळ्यात तो बसलेलाच असतो. वाळूमाफिया, भूमाफिया, टँकरमाफिया, कॉपीमाफिया. आपल्या कायद्यानं मात्र हा शब्द घेतलेला नाही. 1981 च्या आपल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात, ज्याला सगळे एमपीडीए म्हणतात, पुढे दुरुस्ती करून 'वाळू तस्कर' घातले. आणि गंमत बघा, त्याच कायद्याच्या लांबलचक नावात 'व्हिडिओ पायरेट'ही आहेत. म्हणजे रात्री नदी उपसणारा आणि सिनेमाच्या चोरट्या सीड्या विकणारा एकाच ओळीत उभे! (हशा)

तर आधी हा शब्द कुठून आला ते बघू, मग तो आपल्या पडद्यावर कसा उतरला ते, आणि शेवटी इथून जवळच, नागपूरला जाऊ.

हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला एका नाटकानं. 1863 साली पालेर्मोत एक नाटक आलं. तिथल्या विकारिया तुरुंगातल्या कैद्यांवरचं. तुरुंगात एक टोळी आहे, तिचे रीतिरिवाज आहेत, नव्या कैद्यानं कुणाला किती द्यायचं ते ठरलेलं आहे, आणि या मंडळींना नाटकाच्या नावातच 'माफियूसी' म्हटलं होतं. नाटक तुफान चाललं. सरकारी कागदात हा शब्द आला 1865 मध्ये, पालेर्मोच्या प्रीफेक्टच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारख्या अधिकाऱ्याच्या अहवालात. नाटक आधी, सरकारी कागद नंतर. माफिया आणि तिची करमणूक या दोन गोष्टी पहिल्यापासून हातात हात घालूनच चालल्यात.

प्रत्यक्षात ती काय होती? पालेर्मोभोवती लिंबाच्या बागा होत्या. लिंबू परदेशी जायचं, पैसा चांगला मिळायचा. पण लिंबाचं झाड फार नाजूक: उन्हाळ्यात पाणी तोडलं की बाग गेली. संत्र्याच्या मुलखातल्या लोकांना हे मी काय सांगू! त्यात 1860-61 मध्ये इटली एक झाली, जुनी सरंजामी व्यवस्था मोडली होती आणि नवं सरकार सिसिलीत नीट पोचलंच नव्हतं. मग बागेचा राखणदार कोण, पाणी कोण सोडणार, चोरी झाली तर माल कोण परत आणणार? हे सगळं 'करून देणारी' माणसं उभी राहिली. दिएगो गाम्बेत्ता नावाच्या अभ्यासकानं 1993 च्या आपल्या पुस्तकात हे नेमकं धरलंय. तो म्हणतो, माफियाचा मूळ धंदा दारू नाही, अफू नाही; तिचा धंदा संरक्षण विकण्याचा. माझ्या भाषेत सांगतो. गुंड नुसता घेतो. माफिया घेते आणि बदल्यात काहीतरी देतेही, निदान दिल्यासारखं करते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 'गॉडफादर'. मारिओ पूझोची कादंबरी 1969 ची. पूझो न्यूयॉर्कच्या गरीब इटालियन वस्तीतला, कर्जात बुडालेला लेखक. खऱ्या गँगस्टरला आपण कधी भेटलो नव्हतो, सगळं कागदपत्रं वाचून लिहिलं, असं त्यानंच सांगून ठेवलंय. आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली ती मला फार मोलाची वाटते. डॉन कोर्लिओनेच्या तोंडी वाक्य घालताना त्याच्या कानात आवाज असायचा तो स्वतःच्या आईचा. नवऱ्याविना पोरं वाढवणाऱ्या, धाकात ठेवणाऱ्या स्थलांतरित बाईचा. म्हणजे जगातला सगळ्यात प्रसिद्ध डॉन मुळात एक आई आहे! पुस्तक एवढं का चाललं याचं अर्धं उत्तर इथं मिळतं. वाचक गुन्हेगारी बघायला येतो आणि घरात जाऊन बसतो. लग्न, स्वयंपाक, थोरला-धाकटा, कुणाचा मान राखला, कुणाचा नाही राखला.

1972 चा कोपोलाचा सिनेमा सगळ्यांनी बघितलाय, त्यावर फार बोलत नाही. एवढंच, की त्यात 'माफिया' हा शब्द ऐकू येत नाही. चित्रीकरणाआधी, 1971 मध्ये, इटालियन-अमेरिकनांच्या नावानं चालणाऱ्या एका संघटनेनं निर्मात्यावर दबाव आणला आणि तो शब्द संहितेतून काढायला लावला. संघटना चालवत होता जो कोलंबो. तो स्वतः न्यूयॉर्कच्या एका माफिया टोळीचा मुख्य!

आपल्याकडे 'गॉडफादर' आला तीनच वर्षांत. फिरोज खानचा 'धर्मात्मा', 1975. आणि त्यातला डॉन, प्रेमनाथनं केलेला, मटक्याचा राजा आहे. रतन खत्रीवर बेतलेला, असं सगळेच मानतात. इथं विणकरांच्या गावात थोडं थांबायला पाहिजे, कारण मटका हे कापसाचं पोर आहे. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये कापसाचा भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, तो तारेनं मुंबईला यायचा आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. साठच्या दशकात न्यूयॉर्कचे आकडे बंद झाले तेव्हा मडक्यातून, मग पत्त्यांतून आकडा काढायला लागले. कापूस गेला, आकडा राहिला. सिसिलीत लिंबू, आपल्याकडे कापूस. डॉन लोकांच्या गोष्टी खणत गेलं की खाली शेतमालच सापडतो.

मुंबईत त्या कापसाच्या गिरण्या होत्या. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरणगावातली पोरं टोळ्यांकडे कशी वळली, हे जयंत पवारांनी 'अधांतर' नाटकात दाखवलं. त्यावर महेश मांजरेकरांनी 2010 मध्ये 'लालबाग परळ' केला. माझं मत विचाराल तर नाटक सिनेमापेक्षा कितीतरी पुढचं आहे. सिनेमात बंदुका जास्त वाजतात, नाटकात घरातली भांडी वाजतात. मराठीत माफियावर चांगलं काही असेल तर ते हे नाटक, आणि त्यात डॉन नाहीच. एक आई आहे, तिची पोरं आहेत आणि बंद पडलेली गिरणी आहे.

आई पुन्हा आली बघा. पण आपली आई पूझोच्या आईपेक्षा वेगळी. कोर्लिओनेच्या घरातल्या आईला सगळं ठाऊक असतं, ती गप्प राहते. आपली आई निकाल देते. 'मदर इंडिया', 1957: राधा आपल्या बिरजूला स्वतःच्या हातानं गोळी घालते. 'दीवार', 1975: आई थोरल्याचं घर सोडून जाते. 'वास्तव', 1999: पावभाजीच्या गाडीपासून सुरू झालेल्या रघूला शेवटी आईच सोडवते, पिस्तुलानं. आपला गँगस्टर सिनेमा 'गॉडफादर'वरून उचललाय असं म्हणायची पद्धत आहे. रामगोपाल वर्मांनी 2005 च्या 'सरकार'मध्ये तसं पडद्यावर लिहूनच टाकलं. पण ते अर्धंच खरं. त्याचं दुसरं मूळ मेहबूब खानच्या शेतात आहे.

हे सगळं कौतुकानं सांगतोय, कारण मला हे सिनेमे आवडतात. 'सत्या'तला भिकू म्हात्रे तर नातेवाईकच वाटतो. पण तिथंच गोम आहे. इतकी वर्षं आपण डॉनच्या घरात बसलोय. हप्ता देणाऱ्याच्या घरात कॅमेरा किती वेळा गेला? दुकानदार पडद्यावर येतो तो दोन मिनिटं, हात जोडायला.

पूझोला हे कळत होतं. त्याची कादंबरी डॉनच्या घरात सुरू होत नाही, न्यूयॉर्कच्या एका कोर्टात सुरू होते. बोनासेरा नावाचा, प्रेतं सजवून अंत्यविधी करून देणारा माणूस तिथं बसलाय. त्याच्या मुलीला मारहाण करून तिचा जबडा मोडणारी दोन पोरं समोर आहेत, आणि न्यायाधीश त्यांना शिक्षा सुनावतो पण लगेच स्थगित करतो. पोरं घरी जातात. बोनासेरा डॉनकडे जातो. सगळी माफिया या एका रस्त्यात आहे: कोर्टापासून डॉनच्या दारापर्यंत. सिनेमानं कोर्ट गाळलं आणि थेट दारावर नेलं.

इटलीत मात्र ही दुसरी बाजू लिहिणारे निघाले. लिओनार्दो शाशा हा सिसिलीतला शाळामास्तर. त्याच्या 1961 च्या छोट्या कादंबरीत सुरुवातीलाच बस पकडायला धावणाऱ्या माणसाला गोळ्या घालतात. भरलेली बस बघता बघता रिकामी होते. बसजवळ हरभऱ्याच्या पिठाची भजी विकणारा एक जण असतो, त्याला चौकशीत विचारतात, तर तो उलट विचारतो की गोळी झाडली का कुणी? तपास करणारा कॅप्टन खरा गुन्हेगार शोधतो आणि तरी खटला कोसळतो. शेवटी भव्य काही नाही, खोट्या साक्षी एवढंच. 'गॉडफादर'च्या आठ वर्षं आधीचं हे पुस्तक. आपल्याकडे किती जणांनी वाचलंय?

आणि मग लिबेरो ग्रासी. हा कादंबरीतला नाही, खरा. पालेर्मोत कपड्यांचा कारखाना होता त्याचा, पायजमे वगैरे शिवायचा. आपल्याच व्यवसायातला माणूस म्हणा. त्याच्याकडे 'पित्झो' मागितला. पित्झो म्हणजे हप्ता. त्यानं द्यायला नकार दिला, आणि 10 जानेवारी 1991 ला तिथल्या वर्तमानपत्रात खंडणीखोरांना उद्देशून पत्र छापलं की मी देणार नाही. टीव्हीवर जाऊन बोलला. गावातले बाकीचे कारखानदार त्याच्या मागे उभे राहिले नाहीत. गावाचं नाव खराब करतो, असंच उलट ऐकवलं गेलं. 29 ऑगस्ट 1991 ला सकाळी घराजवळ त्याला मारलं. तेरा वर्षांनी, जून 2004 मध्ये, काही तरुणांनी पालेर्मोच्या भिंतींवर रातोरात कागद चिकटवले: पित्झो देणारा अख्खा समाज स्वाभिमान गमावलेला समाज आहे, अशा अर्थाचे. त्यातून 'अद्दीओपित्झो' ही चळवळ उभी राहिली. आम्ही हप्ता देत नाही, असं दुकानदार दारावर लावायला लागले आणि गिऱ्हाईक मुद्दाम त्यांच्याकडे जायला लागलं.

जून 2004. आता ऑगस्ट 2004, नागपूर.

कस्तुरबानगर, जरीपटक्याकडची वस्ती, बहुतेक घरं दलितांची. अक्कू यादव नावाच्या गुंडानं दहा वर्षांहून अधिक काळ तिथं खंडणी, मारहाण, खून, बलात्कार चालवले होते. मघाचा फरक आठवा. हा माफिया नव्हता, हा काही विकत नव्हता, नुसता घेत होता. पण विकत घेण्यासारखं संरक्षणसुद्धा त्या वस्तीला कुठं मिळत नव्हतं. तक्रार केली की ती त्याच्यापर्यंत पोचायची, त्याला पकडलं की तो सुटून यायचा, असं बायका सांगत आल्या. बोनासेरा निदान एकदा कोर्टात बसला होता. इथं बोनासेराचा अख्खा मोहल्ला होता आणि जायला डॉनचं दार नव्हतं. 13 ऑगस्टला त्याला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणलं. जमाव आत शिरला, त्यात बायका पुढे होत्या. तिखटाची पूड, दगड, चाकू. न्यायालयाच्या खोलीतच तो मेला. पुढे वस्तीतल्या बायका म्हणाल्या, आम्हा सगळ्यांना अटक करा. खटला दहा वर्षं चालला आणि 2014 मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे शाशाच्या बससारखंच झालं. भर कोर्टात माणूस मेला आणि कुणी बघितलं हे सिद्ध झालं नाही. फक्त या वेळी बस रिकामी होण्याचा अर्थ उलटा होता.

यावर दोन गोष्टी पडद्यावर आल्या, त्या तुलना करून बघा. '200 हल्ला हो', 2021, अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू. चित्रण ठोकळेबाज आहे, पण एक प्रश्न त्यानं ठामपणे विचारला: ही वस्ती दलितांची नसती तर इतकी वर्षं लागली असती का? दुसरी 2022 ची नेटफ्लिक्सवरची तीन भागांची मालिका, उमेश कुलकर्णींनी केलेली, त्यात वस्तीतल्या बायका स्वतः बोलतात. मला ती जास्त भिडते. तरी एक तक्रार आहे. दोन्हीकडे मध्यभागी कोर्टातली ती काही मिनिटं आहेत. हत्या दाखवता येते. दहा वर्षं ठाण्याच्या बाकावर बसून परत येणं दाखवायला अवघड. शाशानं तेच लिहिलं होतं, आणि 'अधांतर'नं घरात बसणं दाखवलं होतं. म्हणजे करता येतं.

आणि त्या बायकांचा जयजयकार करणाऱ्यांना मी विचारतो, की तुम्हाला नक्की कशाचा आनंद झाला? आपल्या सिनेमात आई स्वतःच्या पोराला मारते आणि आपण रडतो, कारण पुढे काय उरणार हे तिला माहीत असतं. कस्तुरबानगरच्या बायका परत वस्तीत गेल्या, तीच गल्ली, तेच ठाणं. त्यांना कुणी पटकथा दिली नव्हती.

वाळूबद्दल कुणी विचारणार असेल तर आधीच सांगतो: 'वाळूमाफिया' म्हणताना तो नुसता घेतोय की कुणाला काही विकतोय, हे आधी तपासा. रात्री ट्रक निघतो तेव्हा वाटेवरच्या कुणाकुणाला 'संरक्षण' मिळतं, त्यावरून शब्द बरोबर आहे की नाही ते कळेल. बाकीचं प्रश्नोत्तरात बोलू. माइक मागे द्या जरा, त्या ताईंनी केव्हाचा हात वर केलाय.