इहीर दम घेते तेव्हा

पायतण बाहेर काढा. पानमळ्यात चपलेला मज्जाव आहे. शंभरेक वर्षं मागं, अंजनगाव सुर्जीला आलात तुम्ही. चैत्र संपत आलाय. बाहेर ऊन टाळू तापवतंय, आत पानवेलींच्या ओल्या सावलीत घाम वाळायला तयार नाही. शेण, चिखल आणि हिरव्या पानांचा वास एकदमच नाकात शिरतो.

विहिरीकडून चाकाची कुरकुर येतेय. बैलजोडी धावेवरून खाली उतरते, मोटकरी नाड्यावर बसकण मारतो आणि चामड्याची मोट थारोळ्यात भसाभस रिकामी होते. शिंतोडे घ्या अंगावर, लाजू नका! दुपारी मोट तळाला घासू लागते, तसा तो बैलं सोडतो.

"बसा भाऊ, दम घ्या. इहीरबी दम घेऊन राह्यली."

तोवर आतल्या पायऱ्यांवर नजर ठेवा. खालची पायरी बघता बघता बुडते, वरची मात्र रेंगाळते. भोवतालच्या भुईतलं पाणी उंच, विहिरीतलं खोल. जेवढा फरक तेवढा रेटा. फरक घटला की पाझर मंदावतो. फ्रान्समधल्या दिजाँ गावी आँरी दार्सीनं वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून हेच मोजलं आणि १८५६ साली छापलं. इथं विहीर मोजतात मोटेनं: ही एक मोटेची, ती दोन मोटेची. बैलांच्या खांद्यावरचं माप आहे, त्यात फसवाफसवी चालत नाही.

आता मूर्तिजापूरची छोटी गाडी पकडा. डोळ्यांत कोळशाची कुसं, शेजारी कुणाचं तरी गाठोडं, वेग बेताचाच. दर्यापूरला उतरा. काळी जमीन पाय अडकेल इतकी भेगाळलीय. विहिरीला पाणी आहे की! ओंजळ भरून प्या. थू! खारट. यात डाळसुद्धा शिजत नाही. गोड्या पाण्यासाठी बायका गुंड घेऊन उन्हात ताटकळल्यात, त्यांच्या मधे घुसायचा विचारही करू नका.

सातपुड्याच्या पायथ्याशी धोंडे आणि रेती, त्यातून पाणी पळतं. इथं खाली चिकण गाळ. गंमत म्हणजे चिकणमातीत पोकळी रेतीपेक्षा जास्त असते, पण ती इतकी बारीक की पाणी धरून ठेवते, पुढं सरकू देत नाही. निचराच नाही, तर क्षार जाणार कुठं? हाच तो खारपाणपट्टा.

दर्यापूरकडच्या गावांना सातपुड्याचं गोडं पाणी आता मिळतं, पण ते भुईखालून आलेलं नाही. शहानूर धरणातून नळानं येतं.