जुन्या वस्त्राचा इतिहास



शाळेंत चौतीस वर्षें मीं मुलांना इतिहास शिकविला. लढाया, तह, गादीवर बसलेले आणि गादीवरून उतरलेले राजे, हें सर्व त्यांच्याकडून पाठ करून घेतलें. परंतु ज्या वाकळीवर बसून लहानपणीं मीं स्वतः तो इतिहास पाठ केला, त्या वाकळीलाहि कांहीं इतिहास असेल, असें माझ्या मनांत कधीं आलें नाहीं. तो दोष थोडा भरून काढावा, या हेतूनें आज आपल्यापुढें बोलत आहें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर; मोठा संशोधक नव्हें. परंतु विषय घरोघरचा असल्यामुळें आपण सांभाळून घ्याल, अशी आशा आहे.

प्रसंग असा घडला. गेल्या पावसाळ्यांत माझ्या नातवाच्या चार जुन्या जीनच्या विजारी बोहारणीस द्यावयाच्या म्हणून दारांत काढून ठेविल्या होत्या. आमच्या सौभाग्यवतींनीं त्या उचलून परत आंत नेल्या. गुडघे विरले होते, परंतु पोटऱ्यांची बाजू शाबूत होती. त्यांनीं खिशांवरचे तांब्याचे रिवेट आणि जाड शिवणी कापून टाकल्या, वीतभर लांबीरुंदीचे चौकोन काढले आणि ते उभ्या धाग्याला धरून जोडले. खालीं अस्तराला दोन जुन्या चादरी. मध्यें भर मुळींच घातली नाहीं; कारण हें कापड आधींच जड, त्यांत आणखी चिंध्या भरल्या तर वाकळ अंगावर पेलावयाची नाहीं आणि सुईहि मोडावयाची. धावदोऱ्याऐवजीं त्यांनीं चौकोनांच्या कोपऱ्यांवर जाड दोऱ्याच्या गांठी मारल्या. आतां नातू त्या वाकळीला कोणास हात लावूं देत नाहीं.

हें निळें कापड मूळचें कोठलें, असें मला कुतूहल वाटलें. शोधूं लागलों, तों पहिला धागा आपल्या मुंबईंतच सांपडला. इंग्रजींत 'डंगरी' हा शब्द सतराव्या शतकापासून आढळतो. तो मुंबईच्या डोंगरीवरून, तेथल्या जाड्याभरड्या सुती कापडाच्या नांवानें गेला, असें कोशकार सांगतात. पुढें तोच शब्द कामकऱ्यांच्या निळ्या विजारीला चिकटला. 'डेनिम' हें नांव फ्रान्समधील नीम शहरावरून आणि 'जीन' हें इटलीच्या जिनोआ बंदरावरून आलें, असें मानतात. ज्या निळीनें हें कापड रंगवीत, तिच्या 'इंडिगो' या युरोपीय नांवाचा अर्थच मुळीं 'हिंदुस्थानची' असा आहे. या कापडाचे उभे धागे निळे व आडवे पांढरे. म्हणून विजार झिजली कीं आंतला पांढरेपणा वर येतो. रेनो गांवचा शिंपी जेकब डेव्हिस आणि सॅन फ्रान्सिस्कोचा व्यापारी लीव्हाय स्ट्रॉस यांनीं खिशांच्या कोपऱ्यांना रिवेट मारण्याचें पेटंट २० मे १८७३ रोजीं मिळविलें. हेतु इतकाच, कीं मजुराची विजार लवकर उसवूं नये.

ही मजुराची विजार झिजल्यावर तिचें काय झालें, याचा सर्वांत हृदयस्पर्शी इतिहास अमेरिकेच्या अलाबामा राज्यांत घडला. तेथें अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणांत जीज बेंड नांवाचें खेडें आहे. तीन बाजूंनीं पाणी. १८१६ सालीं जोझेफ गी या जमीनदारानें तेथें कापसाचा मळा वसविला. पुढें मार्क पेटवे याच्या हातीं तो मळा गेला, तेव्हां त्यानें नॉर्थ कॅरोलायनाहून सुमारें शंभर गुलामांना पायीं चालवीत तेथें आणलें. गुलामगिरी संपली, परंतु धन्याचें आडनांव त्या लोकांना चिकटलें तें चिकटलेंच. आजहि तेथें पेटवे आडनांवाचीं कुटुंबें पुष्कळ आहेत. १९३२ सालीं उधारी देणारा एक व्यापारी वारला आणि त्याच्या विधवेनें कर्जापायीं या लोकांचीं जनावरें, अवजारें, साठविलेलें धान्य, सर्व ओढून नेलें. लाकडी खोपट्यांच्या फटींतून वारा शिरे. भिंतींवर वर्तमानपत्रें चिकटवून आणि शेतांत झिजलेल्या कपड्यांच्या वाकळी पांघरून त्यांनीं थंडी काढली.

या खेड्यांतील मिसूरी पेटवे या बाईचा पति वारला. १९४२ सालीं तिनें त्याचे शेतावरचे कपडे एकत्र केले, त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांची वाकळ शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखालीं निजतां यावें, एवढ्यासाठींच ती शिवली, हें तिची मुलगी अर्लोंझिया हिनें पुढें सांगून ठेविलें. मुलीनें सांगितलें नसतें, तर त्या फिकट निळ्या पट्ट्या म्हणजे नुसते फाटके तुकडेच ठरले असते. आज ती वाकळ वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहांत आहे.

मतदारयादींत नांव घालण्यासाठीं हे लोक नदी ओलांडून कॅमडेन गांवीं जाऊं लागले, तेव्हां १९६२ सालीं तेथली तर बंद करण्यांत आली. ती पुन्हा सुरू व्हावयास २००६ साल उजाडलें. चव्वेचाळीस वर्षें समोरच्या कांठाला जावयास लांबचा वळसा! तरीहि १९६६ सालीं या भागांतील स्त्रियांनीं 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नांवाची सहकारी मंडळी काढून वाकळी विकावयास आरंभ केला. २००२ सालीं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत त्यांच्या वाकळी भिंतींवर लागल्या आणि २००६ सालीं अमेरिकेच्या टपालखात्यानें त्यांच्यावर तिकिटें काढलीं. जें दारिद्र्य झांकण्यासाठीं शिवलें, तेंच जगानें कला म्हणून नांवाजलें. परंतु म्हणून दारिद्र्य गोड होतें असें कोणी समजूं नये.

आपल्या शेजारींहि असाच एक धागा आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूरच्या रानांत सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनीं आफ्रिकेंतून गोव्यांत गुलाम म्हणून आणलेल्या, आणि तेथून निसटून घाट चढलेल्या माणसांचे वंशज त्यांच्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची 'कवंदी' शिवतात. ती कांठापासून आरंभून फेऱ्याफेऱ्यांनीं मध्याकडे जाते, आणि शेवटीं कोपऱ्यांवर लहान ठिगळांचीं फुलें बसतात. फुलांवांचून कवंदी पुरी झाली, असें त्या मानीत नाहींत.

आपल्याकडे वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, तिची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. खालीं जुनें लुगडें, आंत विरलेलीं धोतरें, वर रंगीत ठिगळें, आणि काठाकाठानें आंत येणारा धावदोरा. माझे वडील गेल्यावर माझ्या आईनें अशीच एक वाकळ शिवली होती. तींत त्यांचें धोतर होतें, एवढें मला आठवतें. दुसरीं वस्त्रें कोणाचीं होतीं, तें मीं कधीं विचारलें नाहीं. नोकरीनिमित्त शहरांत बिऱ्हाड नेतांना भांडीं आदळूं नयेत म्हणून मीं ती वाकळ त्यांच्याभोंवतीं गुंडाळली. पोहोंचेपर्यंत ती दोन ठिकाणीं फाटली, तेव्हां सामान उतरविणाऱ्या हमालाला देऊन टाकली. शहरांतल्या बिऱ्हाडांत ती शोभणार नाहीं, असें मला त्या वेळीं वाटलें, हेंहि कबूल केलें पाहिजे. हमालाला ती थंडींत उपयोगी पडली असेल. त्याचें वाईट वाटत नाहीं. आईनें मला एक शब्दहि विचारला नाहीं, त्याचें मात्र अजून वाटतें.

अलाबामाच्या त्या मुलीनें आईचें म्हणणें ऐकून ठेविलें. चौतीस वर्षें इतिहास शिकविणाऱ्या मला तेवढें साधलें नाहीं. म्हणून आपल्याला एकच विनंति. घरांत एखादी जुनी गोधडी असेल, तर ती घरांतल्या सर्वांत वडील बाईपुढें उलगडा, आणि कोणतें ठिगळ कोणाचें, हें तिला विचारा. ती सांगेल तें कापडाच्या पट्टीवर लिहून मागच्या बाजूला टांका. आमच्या नव्या वाकळीच्या अस्तरावर सौभाग्यवतींनीं तशी पट्टी शिवली आहे. तिच्यावर नातवाचें नांव आहे, साल आहे, आणि त्यांचें स्वतःचें नांव घालावयास त्या लाजत होत्या, तें मीं माझ्या हातानें लिहिलें आहे.