कापडी टपाची काच बदलताना
टप उघडता येणाऱ्या अनेक मोटारींमध्ये मागची काच कापडाला शिवलेली नसून चिकटवलेली असते. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा उन्हात जुना जोड कडेने सुटू लागल्यास काच निखळण्याचा धोका संभवतो. नवी काच बसविण्यापूर्वी जुन्या चिकटद्रव्याचा सैल थर खरवडावा, मात्र कापड उसवू देऊ नये. टप गाडीवर ताणून बंद केलेला असावा. अन्यथा पुढे सुरकुत्या पडतात. काचेच्या कडेची काळी पट्टी केवळ शोभेची नव्हे, ती जोडाचे उन्हापासून रक्षण करते. सर्रास वापरले जाणारे पॉलियुरेथेन हवेतील ओलाव्याने घट्ट होते. साहजिकच एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, कडक ऊन असूनही, त्याला अधिक वेळ द्यावा लागतो. तोवर टप उघडू नये.