गाठीवरची खूण

कापसाची गाठ पट्ट्यांनी आवळली की आत काय आहे हे वरून सांगता येत नाही. खानदेशच्या व्यापाराला हे महागात पडले होते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मुंबईत भाव चढले आणि जळगाव बघता बघता मोठी कापूसपेठ झाली. कलेक्टर अॅशबर्नर यांनी हिंगणघाटचे सरस बियाणे इकडे आणले. पण चांगल्या रुईत हलकी रुई, सरकी, माती मिसळणे, पाणी मारून वजन वाढवणे हेही चालूच होते. भेसळ व्हायची इथे, उघडी पडायची गाठ फोडल्यावर, थेट लिव्हरपुलात. तोवर दोष कोणाचा हे ठरवणे कठीण.

म्हणून मुंबई सरकारने १८६३ चा नववा कायदा केला. निरीक्षक नेमले, भेसळ हा गुन्हा ठरवला. खर्चासाठी फी बसली, तेव्हा व्यापारी कुरकुरले. तपासणी फुकट होत नाही, हे आजही खरे आहे.

हा इतिहास चाळताना मला संगणकातली जावा भाषा आठवते. २००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत 'जेनेरिक्स' आले. ही यादी फक्त अक्षरमालांची, असे लिहिता येऊ लागले आणि कंपायलर ते तपासू लागला. मात्र जुने प्रोग्रॅम न बदलता चालावेत म्हणून प्रोग्रॅम चालताना यादीवरची ही चिठ्ठी पुसलेली असते. जुन्या पद्धतीच्या कोडमधून त्या यादीत आकडा घुसला तर आत टाकताना कोणी अडवत नाही. बाहेर काढून अक्षरमाला म्हणून वापरायला गेलो की प्रोग्रॅम कोसळतो. चूक जळगावात, बोंब लिव्हरपुलात! त्यासाठी त्याच आवृत्तीत 'चेक्डलिस्ट' दिली आहे. ती प्रत्येक वस्तू दारातच तपासते. निरीक्षकच म्हणा ना, आणि फी म्हणजे दर वेळी जाणारा थोडा वेळ.

मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्पने २००५ मध्ये उलट वाट धरली: चिठ्ठी चालत्या प्रोग्रॅममध्येही शाबूत ठेवली. माझ्या मते हे अधिक प्रामाणिक. पण जावाकडे जुन्या प्रोग्रॅमचा जो पसारा होता, तो पाहता तिला दोष देववत नाही.

पुढे १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने बाहेरचा हलका कापूस ठरावीक भागात आणण्यावर बंधन घातले; म्हणजे तपासणी दारात आली. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक सक्तीचे केले. त्या खुणेवरून गाठ कोणी दाबली ते कळे, आत कोणती रुई आहे ते नाही. जावाच्या यादीला विचारले तर तीही एवढेच सांगते की मी 'अॅरेलिस्ट' आहे. कशाची, ते एकेक वस्तू काढून पाहावे लागते. आणि यादी रिकामी असली तर तेही नाही.