कुंडात उतरण्याआधी

दिवा सांभाळा, कड्यावर वारा आहे. साल 250 च्या आसपास, गाव ड्युरा-युरोपोस, खाली युफ्रेटीस. तुम्ही रोमच्या विसाव्या पाल्मिरी पलटणीतले शिपाई, आणि आज रात्री तुमचा बाप्तिस्मा आहे.

उजव्या हाताला तट ठेवून चालत राहा. मिथ्राचं देऊळ मागे पडलं. मग यहुद्यांचं सभास्थान, छतापर्यंत चित्रांनी भरलेलं. मग वेस. देवांची या गावात वाण नाही: बेल आहे, आर्तेमिस आहे, झ्यूस आहे, आणि कोणी कोणाच्या वाटेत येत नाही.

तुमचं प्रार्थनाघर मात्र घरासारखंच दिसतं. आत अंगण, एका बाजूला भिंत पाडून दोन खोल्यांची केलेली प्रार्थनेची जागा, दुसरीकडे ही अरुंद खोली. भिंतीवर कोणीतरी ग्रीकमध्ये खरडलंय, प्रोक्लसची आठवण असू द्या म्हणून. चित्रांत खाटेवरचा पंगू उठून खाट पाठीवर घेऊन चाललाय. शेजारी पेत्र पाण्यात बुडतोय. येशूच्या आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या चित्रांत यांची गणना होईल, कारण थोड्याच वर्षांत सासानी फौजेच्या भीतीने तटालगतची घरं मातीने बुजवली जातील आणि 1930 च्या दशकात ती उकरली जातील. तुम्हाला त्याचं काय! तुमच्या अंगावर तेल चोळलं जातंय आणि थंडी वाजतेय.

समोर कुंड. त्यावर निळं छत, पांढरे ताऱ्यांचे ठिपके. मागच्या भिंतीवर मेंढपाळ, खांद्यावर एडका, पुढ्यात कळप. खरं तर हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे. रोमन मुलुखात मेंढरू खांद्यावर घेतलेला असा गडी कबरींवर असतो, दिव्यांवर असतो. चितारी नेहमीचाच नमुना वापरून गेलाय. पण खालच्या डाव्या कोपऱ्यात बघा. दोन बुटकी माणसं, एक झाड, एक साप. आदाम आणि हव्वा, मागाहून घातल्यासारखी. मला विचाराल तर सगळा दावा त्या कोपऱ्यात आहे. सापाने जे घालवलं ते परत आणणारा हा एकच. दुसरा मेंढपाळ नाही, कळपात शिरायला दुसरं दार नाही. 256 च्या सुमारास कार्थेजचा बिशप सिप्रियन मंडळीबाहेर तारण नाही असं ठासून लिहील आणि पुढे त्या वाक्यावर शतकानुशतकं भांडणं होतील. इथे ते वाद नाहीत. हरवलेलं एक मेंढरू शोधायला नव्याण्णव सोडून जाणाऱ्याची गोष्ट तुम्ही ऐकलीत आणि ते मेंढरू आपणच, असं तुम्हाला वाटलं.

उतरा. पाणी गार आहे.

बराकीत परतल्यावर शेजारचा धनुर्धारी हसतो. “तुझा मेंढपाळही आण की आमच्यात. बेलची काय हरकत?” तो प्रेमानेच म्हणतोय, आणि पंचाईत नेमकी तिथेच आहे. तुमच्या येशूला नकार देणारं इथे कोणी नाही. बाकीच्यांना नकार देणारे तुम्हीच.

पलटणीच्या पंचांगात 21 एप्रिल हा रोमनगरीचा वाढदिवस; त्या दिवशी गाय बळी जाते. रांग लागेल, धूप हातात दिला जाईल, आणि शताधिपती तुमचं नाव पुकारेल.